नाशिकच्या अंगणातली नीळ: मेअखेरीस पेरा, ऑक्टोबरच्या उन्हात भिजवा, द्राक्षांच्या दिवसांत रंगवा

निळीचं झाड लावणं मुळीच अवघड नाही. तूर-मूग लावता येणाऱ्या कुणालाही नीळ लावता येते. खरी परीक्षा पुढे असते: पाला पाण्यात किती वेळ ठेवायचा आणि कधी काढायचा. त्याचं उत्तर घड्याळात नसतं, हवेत असतं. म्हणून हा लेख नाशिकच्या हवेप्रमाणे लिहिला आहे. आपल्याकडे पाला भिजवायला सप्टेंबर-ऑक्टोबरची उष्ण हवा मिळते आणि कापड रंगवायला लागणारी साखर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या रूपाने स्वस्तात मिळते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं काम सरळ आहे.

आधी झाड ओळखा

आपल्याला हवी ती इंडिगोफेरा टिंक्टोरिया, म्हणजे नीळ किंवा गुळी. कमरेएवढं ते पुरुषभर उंचीचं झुडूप, एका देठावर समोरासमोर छोटी लंबगोल पानं आणि टोकाला एक पान, फिकट गुलाबी बारीक फुलं, आणि एक-दीड इंचाच्या, सरळ किंवा किंचित वाकलेल्या सडपातळ शेंगा. शेंगा आखूड, जाड आणि विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या तर ती तिची अमेरिकी बहीण सफ्रुटिकोसा समजा. तीही रंग देते, त्यामुळे ती उपटू नका.

घोटाळा होतो तो उन्हाळीशी, म्हणजे शरपुंखाशी. नाशिकच्या माळावर, रस्त्याकडेला ती सर्रास दिसते आणि लांबून हुबेहूब निळीसारखी वाटते. तिचं एक पान दोन बोटांनी ओढून तोडा. तुटलेली कड इंग्रजी व्ही अक्षरासारखी येते. निळीची तशी येत नाही. दुसरी आणि जास्त भरवशाची चाचणी अशी: मूठभर ताजा पाला चुरगळून पांढऱ्या कापडात दाबा आणि वाळू द्या. चुरगळलेल्या जागी निळसर काळपट झाक आली तर रंग आहे. सह्याद्रीत इंडिगोफेराच्या अनेक जाती रानात उगवतात, पण बहुतेकींत रंग म्हणण्याइतका नसतो. त्यामुळे ट्रेकला जाऊन रोप उपटून आणण्यात अर्थ नाही.

रोपवाटिकेत ‘निळी’ मागितली की कधीकधी गोकर्ण हातात ठेवतात. गोकर्णीच्या फुलांचा निळा रंग वेगळा, तो कापडावर टिकत नाही. किराणा दुकानात पांढऱ्या कपड्यांसाठी मिळते त्या निळीचाही या झाडाशी आज काही संबंध उरलेला नाही. ती या लेखातल्या कामाला चालणार नाही.

पेरणी

बियांचं कवच कडक असतं. तशाच टोचल्या तर निम्म्या महिनाभर नुसत्या पडून राहतात. हात घालवणार नाही इतकं गरम, पण उकळी न आलेलं पाणी (साधारण ६० ते ७० अंश) बियांवर ओता आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरा. ज्या फुगल्या नाहीत त्या पॉलिश पेपरवर हलक्या घासून पुन्हा भिजवा.

मेअखेरीस ट्रेमध्ये कोकोपीट आणि गाळलेलं शेणखत भरून अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. उबदार हवेत आठवडाभरात कोंब दिसतात. रोप वीतभर होण्याआधीच जागेवर लावा, कारण त्याचं सोटमूळ पटकन खोल जातं आणि मग त्याला हलवलेलं आवडत नाही. पाऊस स्थिरावला की, म्हणजे आपल्याकडे जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, लावणी करावी.

जमिनीचं म्हणाल तर नाशिक म्हणजे एक जमीन नव्हे. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस इतका कोसळतो की सपाट वाफ्यात मुळं कुजतील. तिथे वीतभर उंच गादीवाफा हवाच. निफाड-सिन्नरकडच्या काळ्या जमिनीत झाड जोमदार येतं, पण पाणी तुंबलं तर पिवळं पडतं, म्हणून सरीच्या बोधावर लावा. शहरात गंगापूर रोड, सिडको, नाशिक रोड भागात बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या अंगणात बहुधा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा निघतो. तिथे दीड फूट खड्डा घेऊन माती आणि शेणखत भरा. गच्चीवर १४ इंची कुंडी किंवा रंगाची रिकामी २० लिटरची बादली पुरते, तळाला चार भोकं पाडून.

दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. ऊन पूर्ण हवं. सावलीत झाड वाढतं, पानं लुसलुशीत दिसतात, पण रंग कमी उतरतो. नीळ द्विदल आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतः मिळवते. युरिया अजिबात टाकू नका. मूग किंवा चवळी झालेल्या वाफ्यातली मूठभर माती खड्ड्यात टाकली तर गाठी धरायला मदत होते. पहिले दीड महिने तण काढत राहा, नंतर झाडच तणावर सावली धरतं. मावा आलाच तर पाण्याच्या फवाऱ्याने किंवा निंबोळी अर्काने आवरतो.

किती रोपं लावावीत? दहाच्या खाली लावून कापड रंगवायची आशा धरू नये. नीट वाढलेलं झाड एका कापणीला साधारण पाव किलो पाला देतं, आणि एक किलो ताज्या पाल्यातून वाळलेली नीळ दोन ते चार ग्रॅम निघते. हे आकडे पाहिले की बिहारमधल्या चंपारणचे शेतकरी एवढे का गांजले हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती होती, म्हणून त्या पद्धतीला तीनकठिया म्हणत. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि शेतातल्या निळीचा भाव गेला. १९१७ साली गांधीजी चंपारणला पोचले तेव्हा हा धंदा मुळात उतरणीला लागलेला होता.

कापणी

पेरणीपासून साधारण साडेतीन महिन्यांनी, फुलांच्या कळ्या दिसू लागल्या की पहिली कापणी. आपल्याकडे हे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतं. सलग पावसानंतर लगेच कापू नका, दोन-तीन दिवस खणखणीत ऊन पडू द्या. जमिनीपासून वीतभर खोड ठेवून फांद्या सकाळी लवकर कापा. एक-दोन झाडं बियांसाठी मुळीच कापू नका.

रंग पानात असतो, खोडात नाही. जाड फांद्या काढून टाकल्या तरी कोवळ्या डहाळ्या पाल्यासकट भिजवायला हरकत नाही. मात्र कापलेला पाला लगेच पाण्यात गेला पाहिजे. ‘आधी चहा, मग बघू’ असं म्हटलंत की पाला सुकायला लागतो आणि रंग घटतो. म्हणून भांडी, पाणी, वजनाचे दगड आदल्या संध्याकाळी मांडून ठेवा.

पुन्हा फुटवा येऊन दुसरी कापणी दीड-दोन महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये मिळते. त्यानंतर थंडी सुरू होते. निफाडला पारा किती उतरतो हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. त्या दिवसांत झाड जवळपास थांबतं, पानंही गाळतं. त्याला हात न लावता बेताचं पाणी देत राहा. फेब्रुवारीअखेर ते पुन्हा फुटतं. झाड दोन-तीन वर्षं चालतं, पण पहिल्या वर्षासारखा पाला नंतर येत नाही.

पाला भिजवणं: इथे सावकाश वाचा

पानात निळा रंग तयार नसतो. तिथे इंडिकन नावाचा बिनरंगी पदार्थ असतो. पाला पाण्यात बुडून राहिला की पानातलंच विकर (एन्झाइम) आणि पाण्यातले जिवाणू त्याला फोडतात, त्यातून इंडॉक्सिल सुटतं आणि पाण्यात विरघळतं. पुढे त्याला हवा मिळाली की इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जुळून नीळ बनते आणि ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. सगळं काम या दोन वाक्यांत आहे: आधी हवा न लागू देता रंग पाण्यात उतरवायचा, मग भरपूर हवा देऊन खाली बसवायचा.

प्लास्टिकचा ड्रम किंवा मोठी बादली घ्या. पाला दाबून भरा, पण ठेचू नका. वर पाणी इतकं ओता की पाला पूर्ण बुडेल. त्यावर जाळी आणि दगड ठेवा, कारण वर तरंगणारं पान फुकट जातं. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवून वापरा, म्हणजे क्लोरीन उडतं. ड्रमवर झाकण ठेवा.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात, पाणी तीसेक अंशांवर असताना, हे काम साधारण १८ ते २४ तासांत होतं. नोव्हेंबरच्या कापणीला पाणी कोमट करून ओता आणि ड्रम भिंतीच्या उन्हाच्या बाजूला ठेवा. दीड-दोन दिवस लागू शकतात. डिसेंबर-जानेवारीत करूच नका. थंडीत पाणी तीन दिवस ठेवलं तरी धड उतरत नाही आणि पाला सडायला लागतो.

चौदा तासांनंतर मात्र दर तासाला झाकण उघडून पाहा. पाणी आधी फिकट हिरवं दिसतं, मग त्यात पिवळसर-हिरवी झळाळी येते, काचेच्या पेल्यात उन्हात धरलं तर जवळजवळ फिरोजी. वर तांब्याच्या रंगाची, निळसर चमकणारी साय धरू लागते आणि बारीक बुडबुडे येतात. वास कच्च्या पाल्याचा न राहता किंचित गोडसर, आंबूस होतो. हीच वेळ. वास गटारासारखा झाला, पाणी तपकिरी पडलं, तर उशीर झाला; जिवाणू रंगच खाऊ लागले. शंका असेल तर थोडं आधी काढा. थोडा रंग पाल्यात राहिला तरी चालेल, सडलेल्या ड्रममधून काहीच हाती लागत नाही.

पाला उचलून नीट निथळू द्या आणि पाणी कापडातून दुसऱ्या बादलीत गाळा. उरलेला पाला कंपोस्टमध्ये टाका, नत्राने भरलेला असतो.

आता चुना. कळीचा चुना घरी विरवू नका, तो पाण्यात टाकला की उसळतो आणि भाजतो. विरवलेल्या चुन्याची पावडर घ्या. दर दहा लिटर पाण्याला १५ ते २० ग्रॅम चुना वाटीभर पाण्यात कालवून हळूहळू मिसळा. हातमोजे घाला आणि डोळे सांभाळा. पीएच पट्टी (पाणी आंबट की अल्कधर्मी हे दाखवणारा कागद) असेल तर दहा ते अकराच्या दरम्यान दाखवली पाहिजे. पट्टी नसेल तर हळदीचं पाणी लावून वाळवलेला कागद बुडवा. तो लाल झाला म्हणजे पाणी अल्कधर्मी झालं, एवढंच कळतं, पण तेवढंही पुष्कळ असतं. चुना जास्त पडला तर नीळ राखाडी, खडूसारखी निघते. हा दोष मागाहून पूर्ण जात नाही.

मग घुसळा. ताकाची मोठी रवी याला फार छान चालते. नाहीतर दोन बादल्यांत उंचावरून वरखाली ओता. वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आळीपाळीने दोघांनी करावं. फेस आधी हिरवट, मग गडद निळा येतो आणि शेवटी बसायला लागून फिकट होतो. पांढऱ्या बशीत एक थेंब टाका. निळे कण वेगळे आणि भोवतीचं पाणी पिवळसर स्वच्छ दिसलं की थांबा.

रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पिवळं-तपकिरी पाणी अलगद काढा, तळातला निळा गाळ जुन्या धोतराच्या चौपदरी कापडातून गाळा. साध्या पाण्याने एक-दोनदा धुवा. गाळ ओला ठेवायचा तर बाटलीत फ्रिजमध्ये राहतो. आपण तो मार्चपर्यंत ठेवणार आहोत, म्हणून ताटलीत पसरून सावलीत कडक वाळवा. वाळलेल्या ढेकळावर नखाने घासा. तांबूस चमक आली तर माल चांगला.

काढून टाकलेलं पाणी चुन्याचं असतं. निफाडच्या काळ्या जमिनीत ते ओतू नका, त्या जमिनी आधीच चुनखडीच्या आणि अल्कधर्मी. व्हिनेगर घालून पट्टी सात-आठवर आणा, भरपूर पाण्यात मिसळा आणि मुरमाच्या जागी मुरवा. नाल्यात आणि गोदावरीत तर मुळीच नाही.

केसांसाठी हवी असेल तर

हे काही जणांचं खरं कारण असतं. त्यासाठी पाला भिजवायचा नाही. ताजी पानं हवेशीर सावलीत लवकर वाळवा, रंग हिरवा राहिला पाहिजे, मग पूड करून वस्त्रगाळ करा. आधी मेंदी लावून धुवायची, मग निळीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायची. कालवलेली पूड दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. कानामागे थोडी लावून एक दिवस थांबा, खाज आली तर सोडून द्या. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असतं, ती गोष्टच वेगळी.

द्राक्षांवरचा कुंड

वाळलेली नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती तशीच कापडाला धरत नाही. अल्कधर्मी पाण्यात तिचं क्षपण करणारं, म्हणजे तिला विरघळणाऱ्या रूपात आणणारं काहीतरी हवं. द्राक्षातली साखर, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, हे काम करते. फ्रान्सचे मिशेल गार्सिया यांनी रूढ केलेलं प्रमाण सोपं आहे: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. दक्षिणेत टाकळ्याचं बी शिजवून त्यावर कुंड, म्हणजे निळीचं रंगवायचं पाणी, आंबवायची रीत आहे आणि गूळही वापरतात. पण गुळातली बहुतेक साखर वेगळ्या जातीची असते, ती हे काम सावकाश करते. नाशिकमध्ये राहून द्राक्षं सोडायची कशाला? मणी गळालेली, बाजारात न चालणारी हिरवी गोड द्राक्षं हंगामात किती पडलेली असतात. काळी नकोत, सालीचा रंग पाण्यात उतरतो. हंगाम हुकला तर बेदाणे किंवा पिकून काळी पडलेली केळी चालतात.

आठ लिटरच्या कुंडासाठी वाळलेली नीळ २० ग्रॅम, चुना ४५ ग्रॅम, द्राक्षं एक किलो. प्रमाणाने चुना चाळीस येतो, वरचा पाच ग्रॅम द्राक्षांच्या आंबटपणासाठी.

द्राक्षं दीड लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, कुस्करा आणि दोनदा गाळा. नीळ खलबत्त्यात थोडं गरम पाणी घालत गंधासारखी उगाळा. कण राहिला तर तो वायाच जातो. कडकडीत गरम रसात ही नीळ मिसळा, मग कालवलेला चुना थोडा थोडा घाला. स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियमचं चुन्याने खराब होतं. गरम पाण्याने आठ लिटर करा आणि बुडबुडे न होऊ देता काठीने गोल ढवळा. झाकून ठेवा. तासाभरात वर तांबूस साय धरते, मधोमध निळा फेस जमतो. साय बाजूला सारून खाली पाहिलं तर पाणी मधासारखं पिवळं-तांबूस दिसलं पाहिजे. पाणी निळंच असेल तर मंद आचेवर चाळीस-पन्नास अंशांपर्यंत गरम करा आणि आणखी वेळ द्या, काही वेळा दुसरा दिवस उजाडतो. मळकट हिरवं झालं आणि पट्टी दहाच्या खाली गेली तर चमचाभर चुना.

कापड आधीच तयार पाहिजे. मालेगावच्या मागावरचा कोरा मांजरपाट स्वस्त आणि चांगला, पण त्याला खळ असते. किलोभर कापडाला २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं तपकिरी निघेल. ते टाकून पुन्हा उकळा, जोवर पाणी जवळजवळ स्वच्छ येत नाही तोवर. ही पायरी गाळली की कापडावर डाग पडतात आणि दोष कुंडाला दिला जातो.

ओलं, पिळलेलं कापड कडेने हळूच आत सोडा. तळाशी चुन्याचा गाळ असतो, त्याला लागू नये म्हणून खाली जाळी ठेवा. पाच ते दहा मिनिटं पाण्याखालीच हलवा, पाण्याखालीच दाबून मग वर काढा. बाहेर येतं तेव्हा ते पोपटी असतं आणि डोळ्यांदेखत निळं होतं. वीस मिनिटं दोरीवर, घड्या उलगडून, वारा लागू द्या. पुन्हा बुडवा. एकाच बुडीत तासभर ठेवून गडद रंग येत नाही, येतो तो कच्चा आणि हाताला लागतो. चार-पाच हलक्या बुड्या माराव्यात. वीस ग्रॅम निळीत एखादा मध्यम निळा कुर्ता आणि दोन-चार रुमाल होतात. पुढे रंग उतरत जातो, त्यात आकाशी छटा काढून घ्या. मुलांना सोबत घ्यायचं असेल तर रुमालात हरभऱ्याचे दाणे दोऱ्याने घट्ट बांधून द्या, सुटल्यावर पांढऱ्या गोल नक्षीचे ठिपके उरतात. चुन्याच्या पाण्यात हात घालायचं काम मात्र मोठ्यांचंच.

रंगवून झाल्यावर कापड एक दिवस वाळू द्या. मग बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून बुडवा, चुना निघतो. नंतर सौम्य साबणाने पाणी स्वच्छ येईतो धुवा आणि सावलीत वाळवा. पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडी नीळ सुटते, म्हणून वेगळं धुवा.

कुंड लगेच फेकू नका. झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशी थोडा गरम करून, वाटीभर द्राक्षरस आणि गरज पडल्यास चिमूटभर चुना घालून पुन्हा जागा होतो. उन्हाळ्याच्या उबेत असा तो बरेच दिवस चालवता येतो. बियांसाठी राखलेल्या झाडांच्या शेंगा तपकिरी होऊन खुळखुळू लागल्या की तडकण्याआधी काढा, वाळवून राखेत घोळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. मेअखेरीस पुन्हा गरम पाणी लागेलच.